हातचा ईश्वरीकडे राहिला

दुसरीचा वर्ग शिकवणाऱ्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत. ते खडूच्या भुकटीसारखे असतात. दिवसभर अंगावर पडत राहतात आणि घरी येऊन पदर झटकला की कळतं, केवढे जमले होते ते. मी मूळची भोरची. शाळा मात्र वेल्ह्याच्या पुढे, पासलीच्या वाटेवरच्या एका वाडीत. आठवडाभर वेल्ह्यात खोली करून राहते आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की भोर गाठते. संध्याकाळी आम्हा चार मैत्रिणींचा चहा ठरलेला. एक कचेरीत, एक दवाखान्यात, एक बँकेत. त्यांनाही आपापल्या साहेबांबद्दल पुष्कळ बोलायचं असतं, पण पहिला कप संपायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "ते राहू दे गं. या आठवड्यात बेरजेचं काय झालं ते सांग."

आमची शाळा चौथीपर्यंत आणि शिक्षक दोनच. तिसरी-चौथी मुख्याध्यापक गुरुजींकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. दुसरीचं वर्ष म्हणजे दोन अंकी बेरीज-वजाबाकीचं वर्ष. त्यात काय एवढं, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. पहिल्या वर्षी मलाही तसंच वाटलं होतं.

* * *

सुरुवात संख्या लिहिण्यापासून होते. मी म्हटलं, "तेवीस लिहा." कार्तिकनं पाटीवर ३२ लिहिलं.

"कार्तिक, मी काय म्हटलं?"

"तेवीस."

"मग हे काय लिहिलंस?"

"तेवीस." त्यानं एकेका अंकावर बोट ठेवून मला नीट समजावून सांगितलं. "ह्यो 'ते'. आन ह्ये 'वीस'."

मी सांगितलं, बोलताना तीन आधी येतो, पण लिहिताना वीस आधी लिहायचे, तीन नंतर. त्यानं पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजी बाई, तुमी उलटं बोलायचं, आन आमी उलटं लिवलं की चूक व्हय?"

मी फळा पुसायला वळले. तोंड लपवून हसायला फळ्यासारखी दुसरी सोय नाही.

त्याच आठवड्यात एकोणपन्नास आले. आराध्या नावाची एक मुलगी आहे, तिला पटल्याशिवाय ती पुढे जात नाही. ती म्हणाली, "बाई, ह्यात पुढं चार हायत. मग ह्यो चाळीसच्या घरात ऱ्हातो. आन नाव पन्नासचं कसं काय लावतो?"

मी सांगायला लागले की एकोण म्हणजे एक कमी, पन्नासला एक कमी. आराध्याच्या चेहऱ्यावर काही उजेड पडेना. तेवढ्यात मागून समर्थ म्हणाला, "माझ्या आत्याचं हाय तसं हाय ते. उद्या लगीन हाय तिचं. अजून आमच्याच घरी ऱ्हाती, पण आजी तिला म्हणती, तू आता पासलीची. एकच दिस ऱ्हायलाय."

मग आराध्या म्हणाली, "एक दिस ऱ्हायला की एकोण. व्हय ना?"

तेव्हापासून आमच्या वर्गात एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस या आकड्यांना 'आत्याचे आकडे' म्हणतात. पुढच्या महिन्यात गुरुजी चाचणी घ्यायला आले आणि त्यांनी समर्थलाच विचारलं, "एकोणसाठ म्हणजे काय रे?"

समर्थ उभा राहून म्हणाला, "आत्या हाय गुरुजी. पन्नासच्या घरातली. साठच्या घरी दिलीय."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे न बघता पूर्ण गुण दिले.

* * *

मग येतो हातचा. आठ आणि सात पंधरा, पाच खाली मांडले, हातचा एक. राजवीर हा अत्यंत सरळ मुलगा. हातचा म्हटल्यावर त्यानं पेननं तळहातावर एक काढला. मी पाहिलं, पण बोलले नाही. म्हटलं, काढू दे, विसरणार तरी नाही. इतक्यात खिचडीची घंटा झाली. पोरं हात धुऊन जेवली आणि परत येऊन बसली. राजवीर वही पुढे घेऊन हाताकडे बघत बसला.

"काय झालं रे?"

"हातचा धुतला गेला, बाई."

दुसऱ्या दिवशी त्यानं अक्कल वापरली. शेजारी बसणाऱ्या ईश्वरीच्या हातावर एक काढला, कारण ती जेवायला घरी जाते आणि त्याच्या मते घरी गेलेली माणसं हात फार नीट धूत नाहीत. पण त्या दुपारी ईश्वरीला तिचा मामा न्यायला आला आणि ती तशीच घरून गुंजवण्याला गेली. ती थेट सोमवारी येणार होती. मी वह्या तपासायला घेतल्या तेव्हा राजवीरच्या वहीत एककाच्या जागी पाच होते आणि दशकाची जागा कोरी.

"हे अर्धंच का?"

"ह्ये गणित ईश्वरी आल्याव व्हईल," राजवीर म्हणाला. "हातचा तिच्याकडं ऱ्हायलाय."

* * *

एकदा पुण्याहून एक गृहस्थ वह्या वाटायला आले. भले माणूस होते. वह्या वाटून झाल्यावर त्यांना वाटलं, मुलांना एखादं गणित घालावं. पुस्तकातलं नको, रोजच्या जगण्यातलं घालावं. त्यांनी विचारलं, "वेल्ह्याला एसटी आली. त्यात पंचेचाळीस माणसं होती. अठरा उतरली. किती राहिली?"

कुणीच बोलेना. आठवडाभर हीच वजाबाकी घेतलेली. शेवटी आर्यननं हात वर केला.

"चढली किती?"

"चढलं कुणी नाही."

"वेल्ह्याला?"

"हो. कुणीच चढलं नाही."

आर्यननं शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजाऱ्यानं मान हलवली. पाहुणे म्हणाले, "असं समज ना बाळ, की कुणी चढलंच नाही."

"सत्तावीस ऱ्हायली," आर्यन म्हणाला. पाहुणे खूश झाले, पाठ थोपटायला पुढे झाले. तेव्हा तो हळूच म्हणाला, "उत्तर सत्तावीस हाय काका. पण गाडी आपल्याकडची न्हाई."

* * *

वेदिकाची गोष्ट मी जरा जपून सांगते. बावन्न वजा सत्तावीस. वेदिकाचं उत्तर आलं पस्तीस. दोनातून सात जात नाहीत म्हणून तिनं सातातून दोन घालवले. ही चूक निम्मी मुलं करतात. मी जवळ बसून म्हटलं, "दोनाकडे पुरेसे नाहीत ना? मग शेजारच्या घरातून एक दशक उसना मागून आण."

तिनं पेन्सिल खाली ठेवली.

"काय झालं?"

"शेजारी मागायचं न्हाई."

"अगं, गणितात चालतं."

"न्हाई. आय म्हणलीय, उपाशी ऱ्हायलो तरी शेजारी मागायचं न्हाई."

मला मग आठवलं. वेदिकाचं आणि स्वराचं घर भिंतीला भिंत लावून. दोघींचे बाप चुलतभाऊ. भातखाचराच्या बांधावरून दोन वर्षं बोलणं बंद. दोघी माझ्याच वर्गात, पण एक पहिल्या रांगेच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. पुस्तकातला एक शब्द त्या मुलीला आईच्या शब्दाविरुद्ध उभं करत होता, आणि मी तो सहज वापरून बसले होते.

मी काड्यांच्या जुड्या काढल्या. दहा-दहा काड्या रबरानं बांधलेल्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या. तिच्यासमोर ठेवल्या. "हे बघ, कुणाकडे मागायचं नाही. हे बावन्न म्हणजे एकच घर आहे. जुड्या पुढच्या खोलीत आणि सुट्या मागच्या खोलीत. मागं कमी पडल्या तर पुढची एक जुडी सोडायची."

"आपल्याच घरातली?"

"आपल्याच."

तिनं रबर काढलं. सुट्या काड्या मोजल्या, बारा झाल्या. सात काड्या आणि दोन जुड्या बाजूला केल्या. पंचवीस आले. मग तिनं वहीतल्या बावन्नच्या पाच आणि दोनमध्ये बोट ठेवून विचारलं, "मग मधी भित हाय का?"

मी म्हटलं, "भिंत नाही. नुसती जागा वेगळी."

यावरून बांधाचं भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. मिटलेलं नाही. वेदिकाची आई पालकसभेला आली तेव्हा तिनं मला स्पष्ट सांगितलं, "बाई, गणित तुमी बघा. घरचं आमी बघू." मी बरं म्हटलं. पण तेव्हापासून जुडी सोडायची वेळ आली की वेदिका या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाते आणि काढलेलं रबर स्वराच्या हातात धरायला देते. गणित संपलं की परत जाऊन घेऊन येते. स्वरा ते रबर बोटाला गुंडाळून बसलेली असते. दोघी एक अक्षर बोलत नाहीत.

* * *

शिवांशच्या बाबतीत मी चुकले, ते अजून मनाला लागून आहे. त्याला पाच बेरजा घरी दिल्या होत्या. अडतीस अधिक सत्तावीस, उत्तर ३५. शेहेचाळीस अधिक सतरा, उत्तर ३३. चोपन्न अधिक अठ्ठावीस, उत्तर ४२. पाचही चूक. मी पाच लाल फुल्या मारल्या आणि खाली लिहिलं, 'पालकांनी लक्ष द्यावे.'

दुसऱ्या दिवशी तशाच पाच फुल्या. तिसऱ्या दिवशीही. मग मला शंका आली, की चुकणारं पोर इतकं एकसारखं कसं चुकेल? शाळा सुटल्यावर मी त्याच्याबरोबर घरी गेले. आईबाप खाचरात. ओट्यावर त्याची आजी तांदूळ निवडत बसलेली. ताराआजी म्हणतात तिला. शाळेचं तोंड कधी पाहिलेलं नाही.

"आजी, याचा अभ्यास कोण घेतं?"

"म्याच घेती की. का वं?"

"अडतीस आणि सत्तावीस किती होतात, आजी?"

तिचे हात सुपातून थांबलेसुद्धा नाहीत. "तीन ईसा आन पाच."

तीन विसा म्हणजे तीन वेळा वीस, आणि वर पाच. पासष्ट. अगदी बरोबर. आणि शिवांशनं आजीनं सांगितलं तसं इमानदारीत लिहिलं होतं. तीन आणि पाच. मी मनातल्या मनात बाकीची गणितं तपासली. चार ईसा आन दोन, म्हणजे ब्याऐंशी. बरोबर. तीन दिवसांच्या पंधरा बेरजा, एकही चुकली नव्हती, आणि मी पंधरा फुल्या मारल्या होत्या.

मी सांगितलं तेव्हा आजीचे हात थांबले. "म्हंजी म्याच पोराला चुकीवलं म्हना."

"नाही आजी. तुमचं बरोबर होतं. चुकलं माझं, मी आधी विचारायला हवं होतं."

तिला ते पटलं की नाही कोण जाणे. तिनं मला बसायला पोतं दिलं, चहा केला आणि चहा पिता पिता म्हणाली, "बरं, तुमी सांगा बाई. चार ईसा आन सात, त्यातनं दोन ईसा आन नऊ गेलं. ऱ्हायलं किती?"

मी डी.एड. झालेली बाई. चार विसा ऐंशी, सात, सत्त्याऐंशी, त्यातून एकोणपन्नास... अडतीस आले, पण आता त्याचे परत विसा करायचे होते. मी छताकडे बघत होते. आजी कप खाली ठेवून मायेनं म्हणाली, "शिवांश, बाईंस्नी वही दे रं लिवायला."

* * *

तन्वी वर्गात बोलत नाही. घरी बोलते म्हणे, पण वर्गात नाही. मीही फार मागे लागले नाही.

एका सकाळी मी फळ्यावर त्रेसष्ट वजा अठ्ठावीस सोडवून दाखवलं आणि उत्तर लिहिलं पंचेचाळीस. सगळ्यांनी उतरवून घेतलं. वह्या बघत तन्वीपाशी आले तर तिनं उत्तरावर हात ठेवलेला. हात बाजूला केला, खाली पस्तीस. मी म्हटलं, "फळ्यावर बघून पण चुकतेस?" आणि फुली मारली. तिनं नुसता परत त्यावर हात ठेवला.

संध्याकाळी खोलीवर भाजी निवडताना मला एकदम ते गणित डोळ्यांसमोर आलं. सहातला एक दशक सोडायला मीच विसरले होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्या गेल्या मी फळ्यावर तेच गणित लिहिलं, चूक दाखवली आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "काल बाई चुकल्या होत्या. तन्वीचं बरोबर होतं." तिच्या वहीतली फुली खोडली. मग जवळ बसून विचारलं, "तुला माहीत होतं ना?"

मान हलली.

"मग बोलली का नाहीस?"

मग मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. "पोरं तुमाला हसली असती."

आता मी आठवड्यातून एकदा फळ्यावर मुद्दाम चुकते. तन्वी उठते, सगळा वर्ग ओलांडून येते, माझ्या कानाशी तोंड आणते आणि चूक सांगते. अजूनही कानातच.

* * *

आणि ही मनस्वीची.

शाळेच्या दारापाशी एक लहान फळा आहे. त्यावर रोज पट, हजर आणि गैरहजर लिहायचं असतं. वजाबाकीचा रोजचा सराव म्हणून ते काम मी मनस्वीला दिलं होतं. सबंध शाळेचा पट तेवीस. मनस्वी मुलं मोजायची, वजाबाकी करायची आणि सुंदर अक्षरात तीन आकडे लिहायची. पायल तिच्या शेजारी उभी राहून खडू धरायची. दोघी एकाच बस्करावर बसणाऱ्या.

गणपती झाले आणि पायलच्या वडिलांना पुण्यात ड्रायव्हरची नोकरी लागली. दाखला घेऊन सगळं घर गेलं. गुरुजींनी हजेरीपटावरून नाव कमी केलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर होतं: पट २३, हजर २२, गैरहजर १.

मी मनस्वीला समजावलं. "पायलचं नाव आता आपल्या पटावर नाही. पट बावीस लिहायचा."

"ती आजारी न्हाई ना बाई?"

"नाही."

"मग यील की."

मी पुसून बावीस लिहिलं. दुसऱ्या दिवशी परत तेवीस. आठवडाभर असंच चाललं. ती हट्ट करत नव्हती, उलट उत्तर देत नव्हती. मी पुसलं की बघत उभी राहायची, आणि सकाळी तेवीस लिहायची. शेवटी मी पुसायचं सोडलं.

मग निरोप आला की साहेब तपासणीला येणार. आता ही गंमत राहिली नव्हती. पट वाढवून दाखवणं हा फार मोठा ठपका असतो आणि गुरुजींच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. सबंध नोकरीत त्यांनी एक आकडा इकडचा तिकडे केलेला नाही. त्या सकाळी मी स्वतः फळा पुसला आणि बावीस, बावीस, शून्य लिहिलं. मनस्वी पायरीवर बसून बघत होती. मी साहेबांच्या गाडीपर्यंत जाऊन त्यांना घेऊन आले.

फळ्यावर तेवीस, बावीस, एक.

साहेब दारातच थांबले. त्यांनी गुरुजींकडून हजेरीपट घेतला, पान उघडलं, बोटानं नावं मोजली आणि फळ्याकडे पाहिलं. "इथं बावीस आहेत, गुरुजी. फळ्यावर तेवीस. हे काय आहे?"

मी तोंड उघडलं, पण गुरुजींनी हातानं मला थांबवलं. मनस्वी खडू हातात घेऊन भिंतीला चिकटून उभी होती. गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं.

"साहेब," ते म्हणाले, "हजेरीपट माझा आहे, तो बरोबर आहे. फळा दुसरीच्या मुलीचा आहे. तिची वजाबाकी तपासा."

साहेबांनी फळ्यावरचे तिन्ही आकडे एकेक करून वाचले. मग मनस्वीला म्हणाले, "कोण गैरहजर आहे?"

"पायल."

"कुठं गेलीय?"

"पुण्याला."

साहेबांनी हजेरीपट मिटून गुरुजींकडे दिला. "वजाबाकी बरोबर आहे," म्हणाले आणि चौथीच्या वर्गाकडे निघून गेले.

त्यानंतर फळ्याबद्दल शाळेत कुणी काही बोललं नाही. दिवाळी झाली, थंडी पडली. वाडीची जत्रा आली तेव्हा मी एका सकाळी शाळेत पोचले तर बस्करावर पायल बसलेली. अंगावर पुण्याच्या शाळेचा गणवेश, त्यावर टाय. केस कापलेले. मला बघून लाजली.

मनस्वी वर्गात नव्हती. मी बाहेर आले. ती फळ्यासमोर टाचा उंचावून उभी होती. पट २३ लिहून झाला होता. हजर २३ लिहून झाला होता. मग तिनं गैरहजरच्या पुढे शून्य काढायला घेतलं, आणि ते तिनं इतकं मोठं काढलं की फळ्याची चौकट लागली तेव्हाच तिचा हात थांबला.